आधी पाणी मोजा

ठिबकला खत सोडताना तुम्ही पाहिलं असेल. मुख्य नळीच्या बगलेला हातभर लांबीचा, मधे चिमटल्यासारखा बारीक झालेला प्लास्टिकचा एक तुकडा बसवलेला असतो. त्याच्या कमरेला एक पातळ नळी, आणि त्या नळीचं दुसरं टोक खताच्या बादलीत. शेतकरी मुख्य नळीवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळतो. पाणी त्या अरुंद वाटेने पळू लागतं आणि बादलीतलं खताचं पाणी नळीतून सरसर वर चढतं. बादलीजवळ मोटर नसते, दट्ट्या नसतो, फिरणारं काहीच नसतं. पळत्या पाण्याने शेजारचं पाणी ओढून घेतलेलं असतं, एवढंच. नाशिकच्या द्राक्षबागेत, जळगावच्या केळीत, सांगोल्याच्या डाळिंबात या तुकड्याला सगळे व्हेंच्युरी म्हणतात. 1797 साली आपले प्रयोग छापणाऱ्या एका इटालियन प्राध्यापकाचं नाव अशा रीतीने आपल्या शिवारात रोज घेतलं जातं.

हे पुस्तक त्या व्हेंच्युरीच्या थोरल्या भावंडाबद्दल आहे. खताच्या जागी नदीच्या तळाची वाळू आणि खडे, बादलीच्या जागी नदीचं पात्र. पाण्याच्या वेगवान धारेने तळाचा गाळ ओढून वर आणायचा, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या पन्हळीवरून तो वाहू द्यायचा, आणि पट्ट्यांच्या आडोशाला जे जड उरेल त्यात सोनं शोधायचं. कॅलिफोर्नियापासून न्यूझीलंडपर्यंत सोनं शोधणारे लोक या यंत्राला सक्शन ड्रेज म्हणतात. बहुतेक ड्रेजवर पेट्रोलचं इंजिन आणि पंप असतो. ज्याची बांधणी मी इथे दिली आहे त्यावर इंजिन नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाचं पाणी पाइपात घ्यायचं, उतारावरून खाली आणायचं, आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर सगळं चालवायचं. बांधणीचं सामान नळाचं काम करणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं. अवघड काम सामान आणण्याआधीचं आहे.

मी तीस वर्षं तंत्रनिकेतनात द्रवयांत्रिकी शिकवली. डॅनियल बर्नुलीचा 1738 सालचा ग्रंथ, त्यातून निघालेला सिद्धांत, वेग वाढला की दाब घटतो हा नियम, हे सगळं मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं. मुलांनी ते उतरवून घेतलं, परीक्षेत मांडलं, गुण मिळवले. त्यातली कितीतरी मुलं शेतकऱ्यांची होती. त्यांच्या बांधावर तोच सिद्धांत रोज काम करत होता, पण वहीतलं समीकरण आणि बांधावरची व्हेंच्युरी एकच आहे, हे मला त्यांच्या हाताला कळू देता आलं नाही. ती खंत निवृत्तीनंतरही गेली नाही.

मग मी लेकीकडे न्यूझीलंडला गेलो. दक्षिण बेटावर ओटागो प्रांतात ॲरोटाउन नावाचं टुमदार गाव आहे. गावाला लागून ॲरो नदी वाहते. 1862 साली या नदीत सोनं सापडलं आणि बघता बघता काठावर तंबूंचं गाव उभं राहिलं. आज नदीचा काही भाग हौशी लोकांसाठी राखून ठेवला आहे. तिथे हाताची अवजारं चालतात, यंत्र चालत नाही. गावातल्या दुकानातून फावडं आणि पॅन भाड्याने मिळतं. मीही ते घेतलं, गुडघाभर पाण्यात उतरलो आणि एका मोठ्या धोंड्याच्या पाठीमागची वाळू खरवडून पॅनमध्ये घेतली.

पॅन धुण्याचं काम सुपात धान्य पाखडण्यासारखं आहे, फक्त वाऱ्याच्या जागी पाणी असतं. पॅन पाण्याखाली धरून हलवायचं म्हणजे जड कण खाली बसतात. मग थोडं तिरकं करून वरची हलकी वाळू पाण्याला देऊन टाकायची. पुन्हा हलवायचं, पुन्हा द्यायचं. बोटं बधिर झाली तेव्हा पॅनमध्ये चमचाभर काळी वाळू उरली होती. त्यात चार घोट पाणी घेऊन मी पॅन हळूच फिरवलं. काळी वाळू शेपटीसारखी लांबत पुढे सरकली आणि तिच्या मागे, पॅनच्या कडेला, मोहरीच्या चौथाईएवढा एक पिवळा ठिपका जागच्या जागी राहिला. शेजारच्या बाईंनी माझ्या पॅनवर आपल्या हाताची सावली धरली. अभ्रक असतं तर सावलीत विझलं असतं. ठिपका तसाच पिवळा राहिला. पाणी पुन्हा फिरवलं, वाळू पुन्हा पळाली, तो हलेना. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं त्या क्षणी माझ्या हाताला कळलं. या पुस्तकाचा उगम त्या पॅनमध्ये आहे.

तो ठिपका का हलला नाही, हे नीट समजलं की ड्रेज निम्मा समजला. सोन्याची घनता पाण्याच्या 19.3 पट आहे. नदीच्या वाळूत सगळ्यात जास्त असणाऱ्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, 2.65 पट. कागदावर हा फरक सातपट दिसतो, पण नदी त्यांना हवेत तोलत नाही. पाण्यात बुडालेली प्रत्येक वस्तू आपल्या आकारमानाएवढ्या पाण्याचं वजन गमावते. म्हणून पाण्याखाली गारेच्या खड्याचं वजन 1.65 उरतं आणि तेवढ्याच सोन्याचं 18.3. फरक थेट अकरापट होतो. काळी वाळू म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट. तिची घनता 5.2, म्हणून ती दोघांच्या मधे राहते आणि शेवटपर्यंत सोन्याची सोबत करते. ज्या पाण्यात गारा वाहून जातात त्याच पाण्यात सोनं बसून राहतं. पुरात नदी सगळंच हलवते. पूर ओसरू लागला की जिथे जिथे पाणी मंदावतं तिथे सोनं आधी खाली येतं. वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्याची पाठ, तळाच्या कातळातली आडवी भेग, या त्याच्या बसण्याच्या जागा. ड्रेजची पन्हळ याच जागांची नक्कल आहे. आडवी पट्टी म्हणजे छोटासा धोंडा, तिच्या पाठची भोवरी म्हणजे मंदावलेलं पाणी. माणसाने नदीचीच युक्ती फूटभर रुंदीच्या फळीवर आणून ठेवली.

सोन्याच्या मागे पाणी लावण्याची कल्पना फार जुनी आहे. स्पेनमध्ये लास मेदुलास इथे रोमन लोकांनी डोंगरातून कालवे काढून पाणी साठवलं आणि ते एकदम सोडून डोंगरच्या डोंगर ढासळवले. रोमन लेखक प्लिनीने त्या पद्धतीचं वर्णन करून ठेवलं आहे. युरोपात 1556 साली छापल्या गेलेल्या ॲग्रिकोलाच्या खाणकामावरच्या ग्रंथात सोनं धुण्याच्या पन्हळी चित्रांसह दाखवल्या आहेत. पुढे 24 जानेवारी 1848 रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा इथे जेम्स मार्शल यांना सोनं दिसलं, तेही पाण्यावर चालणाऱ्या करवतीच्या गिरणीच्या पाटात. गिरणी बांधताना पाट खोल व्हावा म्हणून त्यातून रात्रभर पाणी सोडत आणि सकाळी मोकळी झालेली दगडमाती उपसत. पाण्याने हलकं ते नेलं आणि जड ते तळाला ठेवलं. ज्या शोधाने लाखो माणसांना घरं सोडायला लावली, तो एका अर्थाने नकळत बांधल्या गेलेल्या पन्हळीचा शोध होता.

आपल्या यंत्राचा सख्खा पूर्वज मात्र न्यूझीलंडमध्ये भेटतो. 1861 साली ओटागोत गेब्रियल्स गली इथे सोनं सापडलं. वरवरचं सोनं संपल्यावर खोल खड्ड्यांतली वाळू वर काढायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. 1880 च्या सुमारास तिथल्या लोकांनी डोंगरावरून पाइपाने आणलेलं पाणी बारीक तोटीतून एका उभ्या नळीच्या तोंडाशी सोडायला सुरुवात केली. ती धार खड्ड्यातलं पाणी, वाळू आणि खडे आपल्याबरोबर ओढून वर पन्हळीवर नेऊन टाकी. याला ते हायड्रॉलिक एलिव्हेटर म्हणत. इंजिन नाही, कोळसा नाही, केवळ उंचावरचं पाणी. सेंट बाथन्स गावात याच पद्धतीने किल्डेअर हिल नावाची टेकडी उपसली गेली. टेकडीच्या जागी खोल खड्डा झाला, खड्ड्यात पाणी साचलं, आणि आज तिथे ब्लू लेक नावाचं निळंशार तळं आहे. त्याच प्रांतात क्लुथा नदीवर प्रवाहानेच फिरणाऱ्या चाकांचे ड्रेजही चालत. नदी चाक फिरवी आणि चाक नदीचाच तळ उपसे.

ज्या छोट्या ड्रेजला आज लोक ओळखतात तो विसाव्या शतकाच्या मध्यावर आला. हलकी पेट्रोल इंजिनं आणि पाणबुड्याचा श्वसनसंच सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, आणि कॅलिफोर्नियाच्या नद्यांत लोक तरंगणारे ड्रेज घेऊन उतरू लागले. अमेरिकेत 1934 पासून सोन्याचा अधिकृत भाव औंसाला 35 डॉलरवर बांधलेला होता. 1971 मध्ये ते बंधन सुटलं आणि जानेवारी 1980 मध्ये भाव 850 डॉलरपर्यंत चढला. मग हौसेला पैशाची जोड मिळाली आणि इंजिनांचे आवाज दऱ्याखोऱ्यांत वाढले.

अशा वेळी इंजिन काढून टाकून पुन्हा उंचावरच्या पाण्याकडे का यायचं? मी उत्तर आकड्यांत देतो, कारण या पुस्तकाचा कणा तेच आहेत. पंपाच्या दुकानात आपण ‘किती हेड आहे?’ असं विचारतो. हेड म्हणजे पाण्याला मिळालेली उंची. समजा तुम्हाला 5 मीटर हेड मिळालं. तोटीतून बाहेर पडताना पाण्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला 9.9 मीटर असेल. तोटीचं भोक 2 सेंटिमीटर व्यासाचं ठेवलं तर सेकंदाला सुमारे 3 लिटर पाणी लागेल. या धारेची ताकद साधारण 150 वॅट भरते. पाच अश्वशक्तीचं इंजिन सुमारे 3,700 वॅटचं असतं. म्हणजे आपली धार त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याची. त्यातही धारेवर चालणारा पंप मिळालेल्या ताकदीपैकी पाव हिस्सा कामी लावू शकला तरी चांगला म्हणायचा. हेड दुप्पट केलं तर वेग दुप्पट होत नाही, 1.41 पट होतो. हे आकडे मी मुद्दाम पहिल्याच पानांवर ठेवतो आहे. या यंत्राने कोणी श्रीमंत होणार नाही. दोन इंची नळीने हातभर तळ हळूहळू साफ करावा, एवढीच त्याची मजल आहे, आणि मला ते याच मजलेसाठी आवडतं.

दुसरा हिशेब पाइपाचा. ओढ्याचा उतार शंभर मीटरला 5 मीटर असेल, तर 5 मीटर हेडसाठी शंभर मीटर पाइप टाकावा लागतो. दोन इंची पाइप स्वस्त पडतो म्हणून तोच घेतला आणि त्यातून सेकंदाला 3 लिटर पाणी न्यायचं म्हटलं, तर जवळजवळ सगळी 5 मीटर उंची पाइपातल्या घर्षणातच खर्ची पडते. तोटीशी पोचेपर्यंत पाण्यात जीव उरत नाही. तेवढंच पाणी तीन इंची पाइपातून नेलं तर नुकसान पाऊण मीटरच्या आसपास येतं. व्यास दीडपट, नुकसान सातव्या हिश्श्यावर. ज्याने हा हिशेब केला नाही तो तोटी बदलत राहतो, सांधे उकलत राहतो आणि यंत्राला दोष देतो. म्हणून या पुस्तकातलं पहिलं अवजार करवत नाही, पाणसळ आहे. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पारदर्शक नळीत पाणी भरून वापरतात ती. तिने टप्प्याटप्प्याने ओढ्याचा उतार मोजायचा. मग बादली आणि घड्याळ घेऊन ओढ्यात किती पाणी आहे ते मोजायचं. उन्हाळ्यात मोजायचं, कारण पावसाळ्याचा आकडा फसवा असतो. मोजलेल्या पाण्यापैकी मोठा वाटा ओढ्यातच राहिला पाहिजे. आपण पाइपात घेतलेलं पाणी शंभर मीटर खाली ओढ्याला परत मिळतं खरं, पण मधल्या शंभर मीटरमधल्या माशांना आणि खेकड्यांना ते मिळत नाही.

तोटी आणि नळी जुळवण्याची गोष्ट माझ्या अपयशापासून सांगतो. पहिला जेट, म्हणजे धारेवर चालणारा पंप, मी गावाकडच्या शेतात बांधला. पीव्हीसीचा वाय, एक रिड्यूसर, तुकडा पाइप, सोल्युशन, टेफ्लॉन टेप. वायच्या तिरप्या फाट्यातून धार सोडायची, सरळ फाट्याला सक्शन पाइप, पुढे पन्हळ. शेततळ्याच्या बांधावरून पाइप खाली आणला, व्हॉल्व्ह उघडला आणि सक्शनच्या तोंडाशी हात धरून बसलो. ओढ लागण्याऐवजी तिथून पाणीच उलटं येऊ लागलं. दोन दिवस मी सांधे बदलले, तोटी बारीक केली, पुन्हा रुंद केली. तिसऱ्या दिवशी वायच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा बसवला, तेव्हा डोळ्यांना दिसलं. धार सरळ पुढे न जाता समोरच्या भिंतीवर आपटत होती, फुटत होती आणि निम्मं पाणी मागे फिरत होतं. धार नळीच्या मध्यरेषेवर राहायला हवी, आणि पुढचा सरळ भाग, ज्याला मी घसा म्हणतो, व्यासाच्या पाच-सात पट लांब हवा. तिथे धारेचं वेगवान पाणी आणि ओढलेलं संथ पाणी एकमेकांत मिसळतं आणि वेग वाटून घेतं. मी तोटी मध्यावर धरून ठेवणारी एक चकती कापून बसवली आणि घसा लांबवला. या वेळी तळहाताला ओढ लागली. लहान मुलाने बोट पकडावं तशी ती पहिली ओढ मला अजून आठवते.

तरीही खडे वर चढेनात. पंप हवा धरतोय, हे आपल्याकडचा कुठलाही शेतकरी आवाजावरून ओळखेल. सक्शनच्या बाजूची गळती फसवी असते. तिथे बाहेरपेक्षा दाब कमी असल्याने थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. ओल दिसत नाही म्हणून सांधा पक्का आहे असं वाटत राहतं. मी प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला आणि एका सांध्यावरचा फेस आत शोषला गेलेला दिसला. तो सांधा पुन्हा केला. संध्याकाळी पहिला खडा नळीतून खडखडत वर आला आणि पन्हळीवर पडला.

खड्यांच्या बाबतीत एक नियम पाळायचाच. सक्शन पाइप दोन इंची असेल तर त्याच्या तोंडाशी दीड इंची कडं बसवायचं. तोंडातून जो खडा आत शिरेल तो पुढे कुठेही अडकता कामा नये. पन्हळीचा उतार फुटाला एक इंच धरून सुरुवात करायची. पट्ट्यांच्या मागे वाळू घट्ट बसून राहिली तर उतार वाढवायचा, पट्ट्या धुऊन रिकाम्या झाल्या तर कमी करायचा. पट्ट्यांच्या मागची वाळू सतत उकळल्यासारखी हलती राहिली पाहिजे. त्या हलत्या वाळूत सोनं आपली वाट काढत तळाला जातं.

आता या विषयाची दुसरी बाजू सांगतो. तिच्याशिवाय पुस्तक छापू नये असं मला वाटतं. पाण्याने सोनं काढण्याची कला जिथे सर्वांत पुढे गेली तिथेच तिने सर्वांत मोठी जखम केली. कॅलिफोर्नियात 1853 पासून तोफेसारख्या नळ्यांतून पाण्याचे झोत सोडून डोंगर पाडले जाऊ लागले. मॅलाकॉफ डिगिन्स इथल्या उघड्या कड्यांवर त्याच्या खुणा आजही दिसतात. डोंगरांची माती युबा नदीत उतरली, नदीचं पात्र उथळ झालं, पूर मेरीसव्हिलसारख्या गावांत आणि खालच्या शेतांत शिरले, पिकांवर गाळ बसला. शेतकरी आणि खाणवाले असा झगडा कोर्टात गेला आणि 7 जानेवारी 1884 रोजी न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्याला मनाई केली. वरच्या माणसाने खालच्या माणसाचं पाणी बिघडवायचं नाही, हे तत्त्व त्या निकालाने सोन्यापेक्षा मोठं ठरवलं.

गाळ दिसत होता, पारा दिसत नव्हता. बारीक सोनं धरून ठेवण्यासाठी त्या काळी पन्हळीत पारा ओतत. एका हंगामात त्यातला 10 ते 30 टक्के पारा वाहून जाई. तो आजही सिएरा नेवाडाच्या नद्यांच्या तळाशी आहे. सक्शन ड्रेज तळ ढवळतो तेव्हा पाऱ्याचे बरेचसे थेंब पन्हळीत सापडतात, हे खरं आहे. ड्रेजवाले सांगतात की आम्ही नदीतून पारा, शिसं, खिळे बाहेरच काढतो. पण काही पारा बारीक कण होऊन पाण्याबरोबर पुढे जातो आणि माशांच्या शरीरात पोचतो, हेही खरं आहे. सामन मासे नदीच्या तळाच्या खड्यांत अंडी घालतात. ड्रेजने टाकलेला सैल ढीग माशाला चांगली जागा वाटतो आणि पुढच्या पुरात अंड्यांसकट वाहून जातो. अशा कारणांनी कॅलिफोर्नियाने 2009 मध्ये सक्शन ड्रेज थांबवले आणि 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा तो अधिकार मान्य केला. नियम देशागणिक, राज्यागणिक, काही ठिकाणी नदीगणिक वेगळे आहेत. इंजिन नाही म्हणजे परवानगी नको, असा समज कोणीही करून घेऊ नये.

मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. ‘सक्शन पंप’ हा शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रात येतो तो वाळूचोरीच्या बातमीत. भीमेच्या पात्रात आणि कोकणातल्या खाड्यांत बोटींवर सक्शन पंप लावून रात्री वाळू उपसतात आणि महसूल खातं त्या बोटी जिलेटिन लावून फोडतं. पात्रात उरलेले खड्डे पोहायला उतरलेल्या पोरांचे जीव घेतात, काठच्या विहिरी खोल जातात. यंत्र तेच, पाणी तेच. फरक आहे तो किती घेतलं आणि ते कोणी मोजलं याचा.

आणि आपल्याकडे दुसरी परंपराही आहे. सराफकट्ट्यावरचा केरकचरा आणि भट्टीची राख धुऊन त्यातले सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी मराठी मुलखात पिढ्यानपिढ्या होते. बालाघाट, मंडला, संबलपूर, छोटा नागपूर या भागांत नदीची वाळू धुणाऱ्या सोनझारा समाजाची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथांत सापडते. सुवर्णरेखा नदी आपल्या नावातच सोनं घेऊन वाहते आणि केरळात निलांबूरजवळ चालियार नदीतही लोक वाळू धुतात. लाकडी पाटी, हात आणि पाणी एवढ्यावर चालणारं हे ज्ञान कुठल्याही तंत्रनिकेतनाच्या अभ्यासक्रमात नाही. मी ज्या पॅनपुढे थक्क झालो ते या माणसांच्या हाताला जन्मापासून ठाऊक होतं. हे पुस्तक लिहिताना मला त्यांचं ऋण वाटतं.

भारतात 1957 च्या खाणी व खनिजांच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सोन्याचा शोध घेता येत नाही आणि ते काढताही येत नाही. म्हणून या पुस्तकातलं यंत्र मी आपल्या कुठल्याही नदीत उतरवलेलं नाही आणि वाचकांनीही उतरवू नये. ते शेतातल्या टाकीत बांधायचं, टाकीतच चालवायचं. परदेशात राहणाऱ्या आणि तिथल्या नियमांत परवानगी असणाऱ्या मराठी माणसाला ते प्रत्यक्ष नदीवर नेता येईल. बाकीच्यांसाठी ते पाणी समजून घेण्याचं यंत्र आहे, आणि तेवढ्यासाठीच ते बांधण्यासारखं आहे. पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात नदी वाचायची कशी, दुसऱ्यात हेड आणि पाणी मोजायचं कसं, तिसऱ्यात जेट आणि पन्हळीची बांधणी, चौथ्यात टाकीतल्या चाचण्या, पाचव्यात कायदा आणि नदीची काळजी. घाईत असणाऱ्याने तिसरा भाग आधी उघडू नये. दुसरा भाग झाल्याशिवाय तिसऱ्यातलं एकही माप त्याच्या उपयोगाचं नाही.

चाचणीबद्दल सांगून थांबतो. सोनं नसताना पन्हळ तपासायची कशी? मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानातून मी शिसं आणलं, तांदळाएवढे तुकडे कापले आणि हातोडीने चपटे केले. शिशाची घनता 11.3, म्हणजे सोन्याहून बरीच कमी. पन्हळीत शिसं टिकलं तर त्याच आकाराचं सोनं नक्की टिकेल. 100 तुकडे मोजून टाकीच्या वाळूत मिसळले, दुपारभर ड्रेज चालवला आणि पन्हळ धुतली. 91 तुकडे मिळाले. पहिल्या बांधणीला हा आकडा वाईट नाही, आणि शिक्षक म्हणून मला समाधान वाटायला हरकत नव्हती. पण 9 तुकडे टाकीत होते, आणि त्या टाकीचं पाणी पुढे शेताला जात होतं.

मी पाणी सोडणं थांबवलं आणि टाकीतली सगळी वाळू पुन्हा पॅनने धुतली. त्याला दोन दिवस लागले. आठवा तुकडा दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. नववा संध्याकाळी, टाकीच्या कोपऱ्यात, जिथे पाणी सर्वांत संथ होतं तिथे, म्हणजे मी आधी शोधायला हवा होता तिथेच. शंभर मोजून टाकले होते, म्हणून नऊ राहिल्याचं कळलं. कॅलिफोर्नियाच्या पन्हळींत ओतलेल्या पाऱ्याचा असा हिशेब नदीच्या बाजूने कोणी ठेवला नाही, आणि तो अजून नदीच्या तळाशी आहे. तुम्ही हे यंत्र बांधाल तेव्हा पहिल्या पानापासून मोजत चला: उंची, पाणी, काय आत टाकलं आणि काय परत काढलं. शंभर भरल्याशिवाय टाकीचा व्हॉल्व्ह उघडू नका.